धागा तुटला की माग थांबला पाहिजे: टोयोटाच्या नावाला वजन कसं आलं

जुन्या गाड्यांच्या बाजारात इनोव्हा विकायला काढली की गिऱ्हाईक किलोमीटरचा आकडा बघून फारसं दचकत नाही. दोन लाख किलोमीटर पळालेली डिझेल इनोव्हा, सर्व्हिसचे कागद व्यवस्थित असतील तर, चांगल्या भावात जाते. ‘टोयोटा आहे, इंजिनाला काही होत नाही’ हे टूरवाले सांगतात, मेकॅनिक सांगतात, दलालही सांगतात. हा लौकिक आला कुठून, आणि तो कशावर उभा आहे? टोयोटाकडे कुठलं गुप्त पोलाद नाही, जादूचं इंजिनही नाही. माझ्या मते त्या कंपनीची खरी कमाई एकाच सवयीची आहे: चूक दिसली की काम तिथल्या तिथे थांबवायचं. ही सवय जिथे पाळली गेली तिथे नाव वाढलं, आणि जिथे सुटली तिथे मान खाली घालायची वेळ आली. तिचं मूळ मात्र मोटारीत सापडत नाही, ते कापडाच्या मागात आहे.

साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ चा, आजच्या शिझुओका प्रांतातल्या एका खेड्यातला. वडील सुतार. गावातल्या बाया हातमागावर राबताना बघत हा मुलगा मोठा झाला आणि मागात सुधारणा करायच्या नादाला लागला. १८९१ मध्ये त्यांनी लाकडी हातमागाचं पहिलं पेटंट घेतलं. पुढची तीसेक वर्षं एकामागून एक माग बनवत १९२४ मध्ये ते आपल्या गाजलेल्या ‘जी’ प्रकारच्या स्वयंचलित मागापर्यंत पोचले.

इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीच्या वाचकाला पुढचा भाग चटकन कळेल. मागावर उभे धागे म्हणजे ताणा, आडवा धागा म्हणजे बाणा. शेकडो उभ्या धाग्यांपैकी एक तुटला आणि माग तसाच चालू राहिला, तर कापडात लांबच लांब फट पडत जाते. ते कापड मग खराब माल म्हणून निघतं. म्हणून प्रत्येक मागाजवळ डोळ्यांत तेल घालून माणूस उभा करावा लागतो. साकिचींच्या मागात प्रत्येक उभ्या धाग्यावर धातूची एक पातळ पट्टी टांगलेली असे. धागा ताणलेला आहे तोवर पट्टी वर, तुटला की पट्टी खाली पडणार आणि माग आपोआप थांबणार. शिवाय आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातलं सूत संपत आलं की चालू मागावरच नवा धोटा बसे. आता मागावर नजर ठेवायची गरज उरली नाही. थांबलेल्या मागाकडे जायचं, धागा जोडायचा, माग सुरू करायचा. एक कामगार कितीतरी माग सांभाळू लागला.

या मागाची कीर्ती इंग्लंडपर्यंत गेली. कापडयंत्रांच्या धंद्यात त्या काळी दबदबा असलेल्या ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीने १९२९ मध्ये त्याचे हक्क घेण्यासाठी एक लाख पौंडांचा करार केला. याच पैशातून टोयोटाची मोटार जन्माला आली, असं नेहमी सांगितलं जातं. गोष्ट ऐकायला छान आहे, पण पूर्ण नाही. मोटारीवर झालेला खर्च त्या रकमेच्या कितीतरी पुढे गेला, आणि तो मागाच्या कारखान्याने सोसला.

मोटारीचा ध्यास साकिचींच्या मुलाचा, किइचिरो यांचा. टोकियोला शिकलेले मेकॅनिकल इंजिनियर. १९३३ मध्ये त्यांनी कारिया इथल्या मागाच्या कारखान्यातच मोटार विभाग उघडला. शेवरोले गाडी विकत घेऊन तिचा नटबोल्ट न् नटबोल्ट सुटा केला आणि त्यावरून इंजिन बनवायला शिकले. १९३५ मध्ये त्यांचा जी-१ ट्रक बाजारात आला आणि जागोजागी बंद पडू लागला. आज जिच्या टिकाऊपणाच्या शपथा घेतात, त्या कंपनीचा पहिला माल असा होता. विकलेला ट्रक बंद पडला की कंपनीची माणसं तिथे धावत, दुरुस्त करून देत आणि कुठला भाग का मोडला ते कारखान्यात येऊन सांगत. १९३६ मध्ये एए ही पहिली मोटार आली, आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर ही स्वतंत्र कंपनी उभी राहिली. कुटुंबाचं आडनाव टोयोडा, पण कंपनीसाठी टोयोटा हे नाव स्पर्धेतून निवडलं गेलं.

यात सरकारचाही वाटा आहे, तो विसरून चालणार नाही. तोपर्यंत जपानच्या रस्त्यांवर फोर्ड आणि जनरल मोटर्सचंच राज्य होतं. १९३६ च्या कायद्याने परदेशी कंपन्यांच्या पायात बेडी घातली आणि देशी उत्पादकांना वाट मोकळी करून दिली. लष्कराला ट्रक हवे होते. नुसत्या जिद्दीच्या जोरावर टोयोटा त्या काळात तगली नसती.

महायुद्धानंतर तर कंपनी बुडायलाच आली होती. १९४९ मध्ये महागाई रोखण्यासाठी जपानमध्ये पैशाच्या नाड्या आवळल्या गेल्या, गाड्या खपेनात, विकलेल्या गाड्यांचे पैसे वसूल होईनात. नागोयातल्या बँकांनी मिळून कर्ज दिलं तेव्हा कुठे कंपनी तरली, पण अटी कडक होत्या. कामगार कमी करावे लागले, संप झाला आणि सुमारे दोन हजार लोकांना कंपनी सोडावी लागली. कुणाला काढणार नाही, असा किइचिरोंचा निर्धार होता. तो पाळता आला नाही म्हणून जून १९५० मध्ये त्यांनी अध्यक्षपद सोडलं. त्याच महिन्यात कोरियाचं युद्ध पेटलं आणि अमेरिकी सैन्याने टोयोटाकडे ट्रकची मागणी नोंदवली. कंपनी वाचली. किइचिरो मात्र १९५२ मध्ये, परत अध्यक्ष होण्याच्या बेतात असतानाच वारले.

या संकटाने टोयोटाच्या मनावर दोन गोष्टी कोरल्या. न खपणारा माल बनवून ठेवणं म्हणजे गळ्यात दगड बांधून घेणं. आणि पैसा हातात नसेल तर वाया काही जाऊ देता येत नाही.

१९५० मध्येच किइचिरोंचे चुलतभाऊ एइजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचा कारखाना बघायला गेले. फोर्ड दिवसाला आठ हजार गाड्या काढत होती, टोयोटा चाळीस. हे गणित सरळ नकलेने सुटणारं नव्हतं. फोर्डसारखं एकाच भागाचे हजारो नग एकदम ठोकून गोदामात भरायचे, तर तेवढं भांडवल टोयोटाकडे नव्हतं आणि तेवढी गिऱ्हाइकंही नव्हती.

वाट काढली ताइइची ओहनो यांनी. हा माणूस टोयोडांच्या कापड गिरणीतून मोटारीत आलेला. मागाची शिस्त मुरलेली. अमेरिकी सुपरमार्केटची पद्धत त्यांच्या डोक्यात बसली होती. दुकानदार मांडणीवर थोडाच माल ठेवतो, गिऱ्हाइकाने दोन साबण उचलले की तेवढेच दोन मागून भरतो. मग कारखान्यात पुढच्या टप्प्याला गिऱ्हाईक का मानू नये? पुढच्याने जेवढे भाग उचलले तेवढेच मागच्याने बनवायचे, एकही जास्त नाही. हे सांगायला डब्यासोबत एक कार्ड फिरतं. डबा रिकामा झाला की कार्ड मागे जातं, म्हणजे ‘एवढे नग आणखी पाठवा’. यालाच कानबान म्हणतात. आज सॉफ्टवेअर कंपन्यांत संगणकाच्या पडद्यावर कानबानचे चौकोन सरकवतात, ते याच कार्डावरून आलं.

साठा कमी ठेवण्याचा मोठा फायदा पैशाच्या पलीकडचा आहे. गोदामात पाचशे गिअर पडून असतील आणि त्यातले वीस सदोष निघाले, तर कुणाला पत्ताही लागत नाही, दुसरे उचलून काम चालतं. हाताशी दहाच गिअर असतील तर एक खराब निघताच सगळ्यांच्या लक्षात येतं, कारण काम अडतं. साठा चुका झाकतो. ओहनोंनी तो जाणूनबुजून काढून टाकला.

आणि काम अडलं की काय करायचं? इथे पुन्हा साकिचींचा माग येतो. टोयोटाच्या जुळणी पट्ट्याजवळ एक दोरी असते. कामगाराला बोल्ट नीट बसला नाही असं वाटलं, दार घासतंय असं वाटलं, तर त्याने ती ओढायची. वरच्या फलकावर त्याच्या जागेचा दिवा लागतो, एखादी धून वाजते आणि गटप्रमुख धावत येतो. गाडी ठरलेल्या खुणेपर्यंत सरकायच्या आत अडचण सुटली तर पट्टा चालू राहतो, नाहीतर थांबतो. त्यासाठी साहेबाची परवानगी घ्यावी लागत नाही. आपल्याकडच्या कारखान्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, उत्पादनाचा आकडा गाठायचा असताना मशीन बंद करणाऱ्या ऑपरेटरला काय ऐकावं लागतं. टोयोटाने दोरी ओढणाऱ्याचे आभार मानायची रीत पाडली. ही गोष्ट यंत्र विकत घेण्याइतकी सोपी नाही.

थांबल्यावर नुसती मलमपट्टी करायची नाही, यासाठी ओहनोंची पाच वेळा ‘का’ विचारायची पद्धत होती. त्यांचं स्वतःचं उदाहरण असं: मशीन बंद पडलं, का? भार वाढून फ्यूज उडाला. भार का वाढला? बेअरिंगला तेल पुरत नव्हतं. का पुरत नव्हतं? पंप पुरेसं तेल ओढत नव्हता. का? पंपाचा दांडा झिजला होता. का झिजला? तेलाला गाळणी नव्हती आणि धातूचा कीस आत जात होता. पहिल्या ‘का’वर थांबलेला माणूस फ्यूज बदलेल आणि तो पुन्हा उडेल. पाचव्यापर्यंत गेलेला गाळणी बसवेल. टोयोटाच्या गाड्या टिकतात त्या अशा हजारो गाळण्यांमुळे. एखादा भाग वर्षानुवर्षं तोच ठेवायचा आणि त्यातले दोष एकेक करून काढायचे, हा त्यांचा खाक्या. म्हणून त्यांच्या गाड्या कधी कधी कंटाळवाण्या वाटतात, स्पर्धकांकडे नवं तंत्र आधी येतं. ती तक्रार खरी आहे, आणि टिकाऊपणाची किंमत म्हणून मला ती मान्य आहे.

या पद्धतीला एक दुखरी बाजूही आहे. १ फेब्रुवारी १९९७ ला कारियात आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटा व्हॉल्व्ह टोयोटाला जवळजवळ सगळा तिथूनच यायचा आणि साठा होता काही तासांचा. जपानभर टोयोटाचे कारखाने ठप्प झाले. मग आयसिनने नकाशे वाटले आणि डझनावारी छोटेमोठे पुरवठादार, अगदी शिवणयंत्रांची ब्रदर कंपनीसुद्धा, तो व्हॉल्व्ह बनवायला बसले. आठवड्याच्या आत गाड्या पुन्हा निघू लागल्या. वर्षानुवर्षं सांभाळलेले पुरवठादार होते म्हणून हे जमलं. नुसता साठा कमी करून ‘आम्ही टोयोटासारखं करतो’ म्हणणाऱ्या कंपन्यांकडे असं गणगोत नसतं.

अमेरिकेतला पहिला डावही फसलेलाच होता. १९५७ मध्ये टोयोटाने क्राउन तिकडे नेली. जपानच्या खडबडीत, संथ रस्त्यांसाठी बनवलेली ही गाडी अमेरिकेच्या हायवेवर तापायची, थरथरायची. १९५८ मध्ये तीनशेसुद्धा खपल्या नाहीत आणि १९६० च्या अखेरीस मोटारींची निर्यात थांबवावी लागली. पुन्हा बसून, वेगासाठी घडवलेली कोरोना घेऊन ते १९६५ मध्ये परत गेले. १९६६ मध्ये जपानमध्ये कोरोला आली. १९७३ च्या तेलसंकटात पेट्रोलचे भाव भडकले आणि अमेरिकी माणूस पहिल्यांदाच कमी पिणाऱ्या छोट्या गाडीकडे वळला. गाडी घेतल्यावर त्याला कळलं की ती बिघडतही नाही. २०२१ पर्यंत पाच कोटींहून जास्त कोरोला विकल्या गेल्या.

‘जपानी माणूसच शिस्तीचा, म्हणून हे जमतं’ असं म्हणणाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटची हकीगत वाचावी. तिथला जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी बदनाम होता, १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्सने तो मिळून पुन्हा उघडला, कामगार बहुतेक तेच जुने, संघटनाही तीच. हातात दोरी आली, मत विचारलं जाऊ लागलं, आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानच्या तोडीला आला. जनरल मोटर्सला सगळं डोळ्यांदेखत दिसत होतं, तरी आपल्या बाकी कारखान्यांत ते रुजवायला तिला फार वेळ लागला.

१९८९ मध्ये लेक्सस हा महागड्या गाड्यांचा ब्रँड सुरू झाला. काही महिन्यांतच ब्रेकच्या दिव्यात आणि वेग धरून ठेवणाऱ्या यंत्रणेत दोष सापडला. विकलेल्या सुमारे आठ हजार गाड्या परत बोलवायच्या होत्या. नव्या ब्रँडची यात बदनामीच व्हायची, पण डीलरांनी घरोघर जाऊन गाड्या नेल्या, दुरुस्त केल्या, धुतल्या, टाकी भरून परत आणून दिल्या. ग्राहकांचा विश्वास उलट वाढला.

वीस वर्षांनी हेच उलटं घडलं. ऑगस्ट २००९ मध्ये सॅन दिएगोजवळ एका लेक्ससचा अॅक्सिलरेटर दाबलेलाच राहिला आणि गाडीतली चारही माणसं गेली. दुसऱ्या मॉडेलची पायपुसणी त्या गाडीत घातली होती, तिच्यात पेडल अडकलं होतं. पाठोपाठ पेडल चिकटण्याचा वेगळा दोषही समोर आला. जगभरात लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या. इलेक्ट्रॉनिक्सच्या बिघाडाचा संशयही घेतला गेला, पण नासाच्या अभियंत्यांनी तपासणी केली तेव्हा त्याचा पुरावा सापडला नाही. प्रश्न पायपुसणीपेक्षा मोठा होता: कंपनीला काय माहीत होतं आणि तिने कधी सांगितलं? २०१४ मध्ये अमेरिकी सरकारशी झालेल्या समझोत्यात टोयोटाने ग्राहकांची दिशाभूल केल्याचं मान्य केलं आणि १२० कोटी डॉलर भरले. किइचिरोंचे नातू आणि तेव्हाचे अध्यक्ष आकिओ टोयोडा फेब्रुवारी २०१० मध्ये अमेरिकी संसदीय समितीसमोर म्हणाले होते की आम्ही फार वेगाने वाढलो, सुरक्षितता आणि दर्जा यांचा क्रम मागे पडला. २००८ मध्येच टोयोटाने विक्रीत जनरल मोटर्सला मागे टाकलं होतं. पहिल्या नंबरच्या धावपळीत दोरी ओढायला कुणी धजावलं नाही, असं माझं वाचन आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये टोयोटाच्या पूर्ण मालकीच्या दाइहात्सू कंपनीचं प्रकरण निघालं. सुरक्षा चाचण्यांत वर्षानुवर्षं लबाडी चालली होती, ६४ मॉडेलं त्यात सापडली आणि सगळ्या गाड्या पाठवणं थांबवावं लागलं. चौकशी समितीने बोट ठेवलं ते आवळलेल्या मुदतींवर आणि खालच्या माणसाला ‘जमत नाही’ म्हणायची सोय नसण्यावर. लगेच जानेवारी २०२४ मध्ये टोयोटा इंडस्ट्रीजने डिझेल इंजिनांच्या ताकदीच्या चाचण्यांत फेरफार केल्याचं उघड झालं. टोयोटा इंडस्ट्रीज म्हणजे साकिचींची तीच मूळ मागाची कंपनी. त्याचा धक्का भारतापर्यंत आला: इनोव्हा क्रिस्टा, फॉर्च्युनर आणि हायलक्सची रवानगी काही दिवस थांबली होती. इंजिनात धोका आढळला नाही, हे खरं. पण चाचणीचा आकडा गुळगुळीत दिसावा म्हणून हात मारणं म्हणजे तुटलेला धागा दिसू नये याची व्यवस्था करणं, आणि म्हणून मला हे प्रकरण पेडलच्या प्रकरणाइतकंच गंभीर वाटतं.

एवढं होऊनही २०२३ मध्ये टोयोटा समूहाने १ कोटी १२ लाख गाड्या विकल्या, जगात सर्वाधिक. लौकिक एका दिवसात बनत नाही तसा एका दिवसात जातही नाही. ज्याच्या दारात पंधरा वर्षं न कुरकुरता चालणारी गाडी उभी आहे, तो बातमीपेक्षा तिच्यावर भरवसा ठेवतो.

भारतात टोयोटा आली ती किर्लोस्करांचा हात धरून. किर्लोस्करवाडीच्या लक्ष्मणराव किर्लोस्करांचे पणतू विक्रम किर्लोस्कर यांनी आधी टोयोटाच्या मंडळींबरोबर कापडयंत्रांचा कारखाना काढला आणि मग १९९७ मध्ये बंगळूरजवळ बिडदीला मोटारींची कंपनी. २००० मध्ये क्वालिस आली. दिसायला डब्यासारखी, पण माणसं भरभरून नेणारी आणि गॅरेजचं तोंड न बघणारी. ती जोरात खपत असतानाच २००५ मध्ये बंद करून कंपनीने इनोव्हा आणली, तेव्हा अनेकांनी वेड्यात काढलं होतं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. बिडदीतही सगळं गोडीगुलाबीनं चाललं नाही. २०१४ आणि २०२० मध्ये कामगारांशी वाद चिघळून टाळेबंदी झाली. कामगाराच्या हातात दोरी देणारी पद्धत कामाच्या वेगाचा ताणही देते, ही त्या वादांमागची ठसठस आहे.

गाडी घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावं. ग्लान्झा म्हणजे मारुतीची बलेनोच, फक्त बिल्ला टोयोटाचा. दोन कंपन्यांच्या भागीदारीतून अशा बऱ्याच गाड्या आल्या आहेत. त्या वाईट नाहीत, पण क्वालिस-इनोव्हाने कमावलेला टिकाऊपणाचा हिशोब त्यांना जसाच्या तसा लावू नये. त्या गाडीच्या मूळ इंजिनाचा अनुभव विचारावा.

महाराष्ट्राचा थेट संबंध आता येतो आहे. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्करने छत्रपती संभाजीनगरला नवा कारखाना उभारण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला, गुंतवणुकीचा आकडा सुमारे वीस हजार कोटी रुपये. तिथल्या वाळूज-शेंद्र्याच्या पट्ट्यात गाड्यांचे भाग बनवणारे शेकडो कारखाने आधीपासून आहेत. नोकऱ्या किती, याचीच चर्चा सगळीकडे होते. मला जास्त उत्सुकता आहे ती वाळूजच्या एखाद्या वीस-पंचवीस माणसांच्या वर्कशॉपची, ज्याला उद्या टोयोटाला माल द्यायचा असेल. त्याला महिन्याचा साठा करून एकदम ट्रक भरून पाठवता येणार नाही. ठरल्या वेळी, ठरलेले नग, एकही सदोष न देता पोचवावे लागतील. आणि एखादा नग बिघडलाच, तर तो गुपचूप बाजूला न सारता ‘का’ बिघडला हे मशीनवरच्या पोराला सगळ्यांसमोर सांगता यावं लागेल. मालकाने त्याला त्या वेळी काय उत्तर द्यायचं, याची तयारी कारखान्याची पायाभरणी व्हायच्या आधीपासून करायला हवी.